आधी जागा, मग जळण, मग चूल

थंड मुलखांतल्या कित्येक घरांत एक जाडजूड लोखंडी चूल असते. तिच्यावर रांधायचं, तिच्या पोटातल्या भट्टीत पाव भाजायचा आणि तिच्याच उबेवर घर निभवायचं, अशी तिहेरी सोय. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात अशी चूल शोभेल का, हे मात्र तिच्या किमतीआधी इथल्या ऋतूंना विचारावं लागतं. पुसद-उमरखेडच्या या पट्ट्यात बोचरी थंडी पडते ती मुख्यतः डिसेंबर-जानेवारीत, तीही रात्री आणि पहाटे. उलट मार्च लागला की स्वयंपाकघरातली आच नकोशी होते आणि मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो. उष्णता साठवून ठेवणारी वस्तू इथे दोन महिने उपयोगाची आणि उरलेले दहा महिने जाच. म्हणून या भागात चूल निवडायची तर ती कुठे मांडायची आणि तिच्यात काय जाळायचं हे आधी ठरवावं. तिची बनावट हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

बनावटीबाबत एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. जाड मातीची चूल ‘आच धरून ठेवते’ म्हणून जळण वाचवते, असं सर्रास मानलं जातं. चार-सहा तास अखंड पेटणाऱ्या भट्टीत ते खरंही आहे. पण सकाळी तासभर भाकरी-भाजी आणि संध्याकाळी पुन्हा तासभर, एवढाच वापर असेल, तर जाड भिंत तापवण्यातच बरीचशी उष्णता जाते आणि स्वयंपाक उरकल्यावर ती खोलीत सुटत राहते. माती तापायला वेळ घेते, भांड्याला द्यायची आच आधी स्वतः पिते. चुलीच्या आतल्या बाजूला हलकी, सच्छिद्र वीट हवी, ती यासाठी. मातीत भुसा मिसळून भाजली की भुसा जळून जातो, त्याच्या जागी हवेची भोकं राहतात आणि आच आतच कोंडली जाते. अशा चुलीला धग कमी आणि जाळ चोख असतो.

आकडे मांडले की फरक कळतो. वाळलेल्या लाकडाच्या किलोमागे साधारण 4,000 किलोकॅलरी उष्णता मिळते आणि गॅसच्या किलोमागे सुमारे 11,000. तीन दगडांच्या चुलीवर त्यातली 10 ते 15 टक्केच भांड्यात पोचते. गॅसच्या शेगडीवर 60 टक्के किंवा त्याहून जास्त. म्हणजे एक किलो गॅसचं काम करायला साध्या चुलीत 11 ते 16 किलो लाकूड लागतं. भारतीय मानक ब्यूरोच्या निकषानुसार पंखा नसलेल्या सुधारित चुलीची कार्यक्षमता किमान 25 टक्के असावी लागते. ती गाठली तर हेच लाकूड साडेसहा-सात किलोंवर येतं. जंगलातून किंवा धुऱ्यावरून डोक्यावर आणलेल्या मोळीच्या भाषेत ही बचत मोठी आहे.

मग सुधारित चूल घरोघर का नाही? अशी चूल विदर्भाने तर फार आधी पाहिली आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या परिसरातच ‘मगन चूल’ घडली आणि बिनधुराच्या चुलीची कल्पना तिथून देशभर गेली. पुढे 1983 ते 2002 या काळात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्याची नोंद झाली. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची लक्ष्मी चूलही बऱ्याच गावांत पोचली. पण चूल बसवणं सोपं, ती टिकवणं अवघड. ओडिशात हजारो घरांवर काही वर्षं झालेल्या एका काटेकोर अभ्यासात दिसलं की धुराडं असलेल्या चुलीमुळे पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला, पण पुढे तो फायदा विरून गेला. भेगा बुजवल्या गेल्या नाहीत, धुराडी साफ झाली नाहीत, चुलीचा वापरही अनियमित झाला. यात दोष बायकांच्या माथी मारण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. छपरावर चढून काजळीने तुंबलेला पाइप साफ करण्याचं काम घरातलं कोण करणार, हे चूल वाटणाऱ्यांनी बहुधा विचारलंच नव्हतं. दोन तोंडांच्या चुलीत वैलावर, म्हणजे दुसऱ्या तोंडावर, भांडं नसलं की तिथून धूर खोलीत येतो, ही गोष्टही रोज एकाच भांड्यात भाजी करणाऱ्या घराला भोवते.

जळणाचं म्हणाल तर इथे लाकडाआधी पऱ्हाटी येते. कापूस निघाल्यावर शेतात उभी राहणारी ही वाळलेली झाडं, सोबतीला तुराट्या आणि गोवऱ्या. पऱ्हाटी झटकन पेटते आणि झटकन संपते. सारखी आत सारावी लागते. तिला अरुंद तोंडाची, खालून हवा घेणारी चूल मानवते. रुंद तोंडाच्या चुलीत तिचा निम्मा जाळ बाहेरच भडकतो. बाभळीचं लाकूड मात्र रेंगाळतं आणि चांगला निखारा देतं. कुठलंही असो, ते वाळलेलं हवं. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं आणि किलोभर पाण्याची वाफ करायलाच 600 किलोकॅलरींच्या आसपास आच खर्ची पडते. उरते ती डोळ्यांत जाते. पावसाळ्याआधी सरपण टिनाखाली रचून ठेवलं तर नवी चूल घेण्याइतकाच फायदा होतो, तोही फुकट. पऱ्हाटीला एक अडचण आहे. गुलाबी बोंडअळी जुन्या बोंडांत दडून राहते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्याने तिचा तडाखा सोसला आहे. त्यामुळे धुऱ्यावर पऱ्हाटीच्या गंज्या पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नयेत, असं कृषितज्ज्ञ सांगतात. जाळायची तर बोंडं झाडून, नष्ट करून, उन्हाळ्यातच संपवावी.

भाजण्याच्या कामाला विलायती भट्टीची गरज इथे कधी पडलीच नाही. वऱ्हाडी रोडग्यांकडे बघा. जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे, आणि भट्टी म्हणजे जमिनीवर रचलेला गोवऱ्यांचा आर. जाळ असताना रोडगे घालायचे नसतात. धूर सरतो, गोवरीवर पांढरी राख चढते, तेव्हा गोळे आत ठेवून वरून गरम राखेने झाकतात, मधूनमधून उलटतात. राख त्यांना करपू देत नाही आणि आत समान आच पोचवते. बाहेर काढून राख झटकायची, मग तूप. पळसाच्या पानांत गुंडाळून भाजलेले पानगे याच कुळातले. ज्यांना पावच भाजायचा आहे, त्यांनी जाड तळाच्या झाकणाच्या भांड्यात पीठ ठेवून खाली थोडे आणि झाकणावर जास्त निखारे पसरावेत. भट्टीचं काम होतं.

उबेचा प्रश्न उरतो. थंडीच्या रात्री निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत नेऊन झोपणं हा या विषयातला सर्वांत मोठा धोका आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि धूर नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. ऊब हवी तर जाड गोधडी आणि आंघोळीला कढत पाणी. पाण्यासाठी तांब्याचा बंब अजूनही शहाणपणाचा आहे: जाळाची नळी पाण्याच्या मधून जाते, म्हणून वाया जाणारी आच पाणीच घेतं.

कुणी म्हणेल, 1 मे 2016 पासून उज्ज्वला योजनेचा गॅस आला, आता चुलीची चर्चा कशाला? रोजच्या स्वयंपाकाला गॅसच बरा, यात वाद नाही. धुराचा विचार केला तर चांगल्यातली चांगली लाकडी चूलही त्याच्या पासंगाला पुरत नाही. पण सिलिंडर भरून आणायला एकरकमी पैसे लागतात आणि पऱ्हाटी शेतात फुकट पडलेली असते. म्हणून गॅस असलेल्या घरातही पाणी तापवायला, भाकरीला, पाहुण्यांच्या मोठ्या स्वयंपाकाला चूल पेटतेच. ती पेटणारच असेल तर घराबाहेर पेटावी. अडचण पावसाळ्याची. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचं क्षेत्र किमान 25 चौरस मीटर, त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली. पण पाऊस लागला की बाहेरची चूल त्याच खोलीत शिरते आणि धूर स्लॅबखाली कोंडतो. घर बांधतानाच मागच्या भिंतीला टिनाची सपरी जोडावी, चुलीचा ओटा जमिनीपासून हातभर उंच घ्यावा आणि पावसाचा वारा इथे पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो हे धरून सपरीची उघडी बाजू पूर्वेला ठेवावी.