चौदा डिसेंबरची तीन नावं आणि एक चौथं

बँकेत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला तारखांची खोड लागते. हप्ता कोणत्या तारखेचा, मुदत कधी संपते, सही कोणत्या दिवशीची, हे पाहता पाहता कॅलेंडर डोक्यातच जाऊन बसतं. निवृत्त झालो, किल्ल्या दुसऱ्याच्या हाती दिल्या, पण तारखा काही गेल्या नाहीत. डिसेंबरचं पान उलटलं की माझी नजर न चुकता चौदाव्या चौकोनापाशी थांबते. सरकारी सुट्टी नाही, सण नाही. पण गाण्यांवर प्रेम करणाऱ्या माणसाला या चौकोनात तीन नावं दिसतात.

14 डिसेंबर 1924 रोजी पेशावरमध्ये राज कपूर जन्मले. 14 डिसेंबर 1966 रोजी, म्हणजे राज कपूर यांच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, त्यांच्यासाठी सतरा-अठरा वर्षं गाणी लिहिणारे शैलेंद्र मुंबईत वारले. आणि 14 डिसेंबर 1977 रोजी पुण्यात ग. दि. माडगूळकर गेले. एका नटाचा वाढदिवस आणि दोन कवींचे स्मृतिदिन. वाढदिवस बऱ्याच जणांना ठाऊक असतो. स्मृतिदिन विचारून पाहा, घरातली वडीलधारी माणसंसुद्धा क्षणभर थांबतात.

गदिमा गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. वडील चंद्रपूरला शिक्षक. गडचिरोली त्या वेळी आमच्याच जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला तो 1982 च्या ऑगस्टात. घरात फळीवर एक रेडिओ होता आणि त्यावर आईनं विणलेला रुमाल. बातमी आली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. ती एवढंच म्हणाली, ''रामायणवाले गेले.'' तिला त्यांचं पूर्ण नाव नीटसं सांगता आलं नसतं. पण 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीतं झाली, ती पुढं कुठून कुठून ऐकून तिला पाठ होती. चाली सुधीर फडके यांच्या. घरोघरी 'बाबूजींचं गीतरामायण' असंच म्हणत आणि त्यात बाबूजींचा काही दोष नव्हता. ऐकणाऱ्याच्या कानाला आधी गळा भेटतो, लिहिणारा हात मागून येतो. कधी येतच नाही.

आमच्या वडिलांना मात्र गदिमांचं नाव पक्कं ठाऊक होतं. 1973 च्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि वडील तिथं जाऊन मांडवाच्या मागच्या रांगेतून त्यांना ऐकून आले होते. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळचा चहा घेतला नाही. आम्हा मुलांना तेव्हा त्याचं थोडं हसूच आलं होतं.

शैलेंद्रांची गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळली तेव्हा मी कर्जाच्या फायली पाहणारा माणूस झालो होतो. हा कवी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामगार होता. राज कपूर यांनी त्यांची कविता ऐकून चित्रपटासाठी मागितली, तेव्हा त्यांनी ती विकायला नकार दिला. पुढं घरात बाळ येणार, पैशांची नड, म्हणून स्वतःच राज कपूरकडं गेले आणि पाचशे रुपयांत 'बरसात'ची (1949) दोन गाणी लिहून दिली. तिथून नाव झालं, पैसाही आला. मग फणीश्वरनाथ रेणू यांची एक कथा वाचून ते वेडावले आणि 'तीसरी कसम' काढायला बसले. बैलगाडी हाकणारा हिरामन आणि नौटंकीतली हिराबाई यांची ती कथा. चित्रपट लांबत गेला, कर्ज वाढत गेलं, 1966 साली प्रदर्शित झाला तेव्हा गल्ल्यावर पडला. डिसेंबरात शैलेंद्र गेले, त्रेचाळीस वर्षांचे. त्यानंतर त्याच चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. कोणत्याही शाखाधिकाऱ्यानं हे कर्ज मंजूर केलं नसतं. मीही केलं नसतं. हे वाक्य मी अभिमानानं लिहीत नाही, आणि त्याला कारण आहे.

1985 साली माझी बदली गडचिरोली जिल्ह्यात, वडशाजवळच्या एका गावी झाली. वडसा म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि आता गोंदिया या जिल्ह्यांतला धानाचा आणि झाडांचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीनंतर धान घरात यायला लागलं की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हा हंगाम. मोकळ्या बांधीत मंडप टाकायचा, रात्री दहाला पडदा उघडायचा तो पहाटे झुंजूमुंजू होईपर्यंत. आजूबाजूच्या गावांतून माणसं बंड्या जुंपून येत, तनशीवर घोंगडी अंथरून बसत. याच मातीतले परशुराम खुणे, कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे नट, यांना 2023 साली पद्मश्री मिळाली.

माझ्या शाखेत एक गृहस्थ आले. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, अंगात धुवट सदरा. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून कर्ज हवं होतं. अर्जावर 'व्यवसाय' या शब्दापुढं त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'गीतकार'.

''हे काय?'' मी विचारलं.

''नाटकाचे गाने लिवतो जी साहेब,'' ते म्हणाले, ''दिवसा कपडे शिवतो.''

''कर्ज कशासाठी?''

''पेटी घेतो म्हनतो. पेटी असली की चाल माझीच बसवीन.''

यादीत शिलाई मशीन होतं, म्हैस होती, बैलजोडी होती. पेटी नव्हती. मी पंचवीस वर्षांचा अधिकारी, नियम पाठ. लाल शाईनं 'गीतकार' खोडलं, वर 'शिंपीकाम' लिहिलं आणि मशीन मंजूर केलं. ते काही बोलले नाहीत. अंगठा नाही, सही केली, आणि सहीखाली तारीखही घातली. त्यांचा एकही हप्ता थकला नाही.

त्याच वर्षी 14 डिसेंबरला शनिवार होता. बँक अर्धा दिवस. रात्री शेजारच्या गावात नाटक होतं, शाखेतल्या शिपायानं आग्रह करून नेलं. कडाक्याची थंडी, शेकोट्या, हजारभर माणूस. मध्यरात्रीनंतर नायिकेच्या वाट्याला एक गाणं आलं. नवरा कामासाठी परमुलखात गेलाय, ती धान कापतेय, एवढाच प्रसंग. शब्द साधे, आमच्या झाडीबोलीतले. माझ्या पुढ्यातली एक म्हातारी पदर तोंडाला लावून रडायला लागली. वन्समोअर मिळाला, पुन्हा मिळाला. नंतर निवेदकानं नावं पुकारली. मंडप कोणाचा, दिवाबत्ती कोणाची, नटीला कोणत्या पाटलांनी किती रुपये बक्षीस दिले. गाणं कोणाचं, हे कोणी सांगितलं नाही. मी सहज पडद्याच्या बाजूला पाहिलं, तर विंगेत हातात वही घेऊन आमचे शिंपी उभे. त्यांनी मला पाहिलं आणि कर्जदार साहेबाला करतो तसा नमस्कार केला.

सोमवारी शाखेत गेल्यावर मी ती फाईल काढली. लाल रेघ पाहिली आणि पुन्हा जागेवर ठेवली. त्यांच्याकडं जाऊन 'गाणं फार छान होतं' एवढं म्हणायला सायकलवर दहा मिनिटं लागली असती. पुढं दोन वर्षं मी त्या गावात होतो. गेलो नाही. कर्जदाराशी फार सलगी नको, अशी आमची तेव्हाची शिस्त. शिस्तीआड संकोच किती होता, हे आता कळतं.

'तीसरी कसम' मी नंतर दूरदर्शनवर पाहिला. जत्रा, बैलगाड्या, कनात, रात्रीचा खेळ. मला बिहार दिसेना, मला वडशाची बांधी दिसत होती. 'मेरा नाम जोकर' (1970) मधलं एक गाणं शैलेंद्रांकडून अर्धं राहिलं होतं, ते त्यांच्या मुलानं पूर्ण केलं असं वाचलं, तेव्हा तर मला राहवेना. पण मग बदल्या, बढत्या, मुलांच्या परीक्षा. कारणं काढायला बँकवाल्याला कोण शिकवणार?

निवृत्तीनंतर एकदाचा गेलो. वडशाला नाट्यमंडळांच्या कार्यालयांवर रंगीत फलक होते, हंगामाच्या तारखा ठरत होत्या. पलीकडच्या गावात ते घर सापडलं. गृहस्थ वारले होते. मुलगा ओसरीवर त्याच मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसला होता. मी ओळख दिली तर म्हणाला, ''बाबा सांगत होते जी, साहेबानं मशीन देल्लं म्हून.'' उपकाराची आठवण म्हणून सांगत होते. मला पाणी घशाखाली उतरेना.

वह्यांचं विचारलं. दोन पुरात भिजल्या, एक कोणत्या तरी मंडळीनं नेली ती परत आली नाही. मी खोड म्हणून विचारलं, ''गेले ती तारीख कोणती?''

मुलगा आठवत राहिला. ''रोवण्याचे दिवस होते,'' तो म्हणाला. ''पानी लय होता.'' तारीख त्याला सांगता आली नाही.

म्हणून माझ्या कॅलेंडरवर त्यांचं नाव मी चौदा डिसेंबरलाच लिहिलं आहे, कारण त्याच रात्री त्यांचं गाणं मी ऐकलं. शैलेंद्र आणि गदिमा यांच्या शेजारी ते नाव शोभतं की नाही, हे ठरवायला त्यांच्या वह्या उरलेल्या नाहीत. म्हातारीचं रडणं तेवढं मी पाहिलेलं आहे.

पूर्वी रेडिओवरचा निवेदक गाण्याआधी गायक, संगीतकार आणि गीतकार अशी तिन्ही नावं सांगत असे. आता गाणं मोबाइलवर लागतं आणि पडद्यावर बहुधा गाणाऱ्याचंच नाव येतं. आज रविवार आहे. घरात एखादं आवडतं गाणं लागलं, तर मुलांना विचारा, हे लिहिलं कोणी? त्यांना ठाऊक नसेल, कदाचित आपल्यालाही नसेल. मग मिळून शोधा. दहा मिनिटांचंच काम आहे.