आलेखावरून सूत्र : बारा लाखांवरचा मोड

गेल्या भागात आपण सूत्रावरून आलेख काढला. आज उलटे करू. आलेख समोर आहे, त्यावरून सूत्र लिहायचे आहे.

मध्यंतरी इंदूरहून माझ्या मावसभावाचा फोन आला. त्याचे करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख, आणि वर्षाला १०,००० रुपयांची पगारवाढ मिळणार होती. "दादा, बारा लाखांपर्यंत कर शून्य, पुढे गेलो की एकदम साठ हजार. वाढ नको म्हणून सांगू का?" मी म्हटले, थांब, आधी आलेख बघू.

२०२५-२६ या आर्थिक वर्षाची नवी करप्रणाली घेऊ. उत्पन्न फक्त पगाराचे, आणि ४ टक्के उपकर तूर्त बाजूला. आडव्या अक्षावर करपात्र उत्पन्न क्ष, उभ्या अक्षावर कर य, दोन्ही लाखांत. १६ लाखांपर्यंतचाच भाग पाहू.

पहिली पायरी : रेषा कुठे दिशा बदलते ते शोधा. इथे दोन मोड दिसतात. एक १२ वर, दुसरा साधारण १२.७ वर. म्हणजे तुकडे तीन.

दुसरी पायरी : प्रत्येक तुकड्यावरचे दोन बिंदू वाचा, चढ काढा, समीकरण लिहा.

पहिला तुकडा आडव्या अक्षावरच पडून आहे : य = ०.

दुसऱ्यावर (१२, ०) आणि (१२.५, ०.५) हे बिंदू आहेत. चढ ०.५ ÷ ०.५ = १. म्हणून य = क्ष − १२.

तिसऱ्यावर (१४, ०.९) आणि (१६, १.२). चढ ०.३ ÷ २ = ०.१५. म्हणून य = ०.९ + ०.१५(क्ष − १४), म्हणजेच य = ०.१५क्ष − १.२.

तिसरी पायरी : कोणते सूत्र कुठून कुठपर्यंत, ते लिहा. विद्यार्थी हेच विसरतात. दुसरा मोड नजरेने नेमका वाचता येत नाही. तिथे दोन्ही रेषा भेटतात, म्हणून क्ष − १२ = ०.१५क्ष − १.२ सोडवा. क्ष ≈ १२.७०५९.

य = ०, जेव्हा ० ≤ क्ष ≤ १२
य = क्ष − १२, जेव्हा १२ < क्ष ≤ १२.७०५९
य = ०.१५क्ष − १.२, जेव्हा १२.७०५९ < क्ष ≤ १६

भावाच्या मनात मधला तुकडाच नव्हता. तसा आलेख असता, तर १२ वर रेषा तुटली असती : (१२, ०) वर भरीव ठिपका, (१२, ०.६) वर पोकळ. भरीव म्हणजे तो बिंदू आलेखात आहे, पोकळ म्हणजे नाही. मग एका रुपयाच्या वाढीला साठ हजारांचा फटका बसला असता. तसे होऊ नये म्हणून कायद्यात सीमांत सवलत आहे. आपला मधला तुकडा म्हणजे तीच.

आता क्ष = १२.१ ठेवा. य = ०.१, म्हणजे कर १०,००० रुपये. वाढ सगळी करात गेली, वर उपकराचे ४००. साठ हजारांची भीती मात्र खोटी ठरली. साधारण १२,७०,६०० च्या पुढे चढ ०.१५ होतो आणि उपकर सोडता वाढीव रुपयातले ८५ पैसे हातात राहतात.

भावाने वाढ घेतली. पुढच्या वर्षीची वाढ याच पगारावर मोजली जाणार आहे.

तुम्ही आता १६ ते २० लाखांचा तुकडा लिहून पाहा. तिथे दर २० टक्के आहे. सुरुवातीचा बिंदू तुमच्याकडे आहेच.