नौबत, निशाण व कर्णा : शब्द, संस्था आणि कागद

आपल्या संग्रहांतील दरबारी व देवस्थानी कागदांत नौबत, नगारा, चौघडा, निशाण, कर्णा, शिंग हे शब्द पदोपदी येतात. वाचक त्यांवरून दृष्टी फिरवून पुढे जातो, कारण हे सारे मंगलवाद्यांचे किंवा रणवाद्यांचे प्रकार आहेत एवढे त्यास ठाऊक असते. परंतु एवढ्या ज्ञानाने कागद नीट लागत नाही, आणि कित्येकदा उलटाच लागतो. म्हणून या शब्दांमागील संस्थेचा थोडक्यात परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘नौबत’ हा शब्द घेऊ. हा मूळचा अरबी असून फारसीच्या द्वारे मराठीत आला. त्याचा मूलार्थ ‘पाळी’. ठराविक वेळी, पाळीपाळीने वाजावयाचे म्हणून ते वादन नौबत. आणि त्यावरून वाद्यासही तेच नाव पडले. ‘अशी नौबत आली’ या वाक्प्रचारात वाद्याचा काही संबंध नाही. तेथे मूळचा ‘पाळी’ हाच अर्थ शिल्लक राहिला आहे. ‘नगारा’ हाही अरबीच. त्याच्या धातूचा अर्थ आघात करणे. एक शब्द काळ सांगतो, दुसरा क्रिया सांगतो. नौबत ही मुळात कालसूचक संस्था होती हे एवढ्यावरूनच लक्षात यावे.

नाव परकी असले तरी कार्य मात्र या देशास नवे नव्हते. कौटिलीय अर्थशास्त्रातील नगररक्षणाच्या प्रकरणात ‘यामतूर्य’ सांगितले आहे. रात्र पडल्यावर ठराविक नालिकांनी व पहाटेपूर्वी तितक्याच नालिका उरल्या असता हे वाद्य वाजे, आणि त्या दोन नादांमधील काळात नगरात हिंडणाऱ्यास दंड होई. दिवसाच्या साठ घटिका व आठ प्रहर, आणि तळास छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडून ते बुडाले की एक घटिका, म्हणजे आजची २४ मिनिटे, झाली असे समजणे, ही पद्धत सर्वत्र रूढ होती. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील या घटिका-प्रहरांचे व तास वाजविणाऱ्या घड्याळजींचे वर्णन मुद्दाम केले आहे. तात्पर्य, नौबत या देशात आली तेव्हा तिला उभे राहण्यास जागा तयारच होती.

मोगल दरबारातील या ताफ्याचा विस्तार आईन-ए-अकबरीत दिला आहे. दमामे सुमारे १८ जोड, नगारे सुमारे २० जोड, दुहुल म्हणजे ढोल ४, कर्णे सोन्या-रुप्याचे व पितळेचे, एका वेळी चारांहून कमी नाहीत. सुरणा ९, शिवाय नफीर, गाईच्या शिंगाच्या आकाराची पितळी शिंगे २ आणि झांजांचे ३ जोड. नफिरींत इराणी व हिंदी यांच्या जोडीस फिरंगी प्रकारही होता हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पाश्चात्य तुतारी आपल्याकडे इंग्रजी पलटणींबरोबरच प्रथम आली हा समज त्यामुळे टिकत नाही. खुद्द अकबर नगारा वाजविण्यात निपुण होता असेही अबुल फजल लिहितो.

कालसूचन हे नौबतीचे एक अंग झाले. दुसरे अंग सत्तेचे. जो काळ जाहीर करतो तो धनी, ही कल्पना त्यामागे आहे. नगारा वाजविण्याचा अधिकार सरदारास बादशहाकडून मिळावा लागे, आणि बादशहाच्या सान्निध्यात तो वाजविता येत नसे. १६२२ मध्ये इतिमादुद्दौला वारल्यावर जहांगिराने त्याची मालमत्ता नूरजहानास दिली, आणि तिची नौबत बादशाही नौबतीच्या मागून वाजावी असा हुकूम केला. ‘मागून’ या एका शब्दात त्या राज्यातील तिचे स्थान पूर्णपणे व्यक्त झाले आहे. आपल्याकडील कागदांत जरीपटका व नौबत यांचा एकत्र उल्लेख आढळतो तो याच न्यायाने वाचावा. तेथे वाद्य दिलेले नसून अधिकार दिलेला असतो.

शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांत सभासदाने नगारखाना गणला आहे. रायगडावर राजसभेच्या प्रवेशद्वारी नगारखाना आजही उभा आहे. पुण्यास शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात बांधला गेला. त्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखाना १८२८ च्या आगीत आतले वाडे भस्मसात झाले तरी वाचला. राहती दालने गेली आणि वाद्यांची जागा राहिली, हा योगायोग चिंतनीय आहे.

आता ‘निशाण’ या शब्दाकडे वळू. कारण हस्तलिखितांच्या वाचकाचा पाय येथेच घसरतो. आज निशाण म्हणजे ध्वज. हा फारसी शब्द होय. परंतु जुन्या मराठीत निशाण म्हणजे एक मोठे चर्मवाद्यही होते. देवगिरीस यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकराच्या वाद्याध्यायात दुंदुभि, भेरी यांच्यापुढे ‘निःसाण’ व ‘तुंबकी’ ही वाद्ये सांगितली आहेत. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात युद्धारंभीच्या वाद्यांत भेरीबरोबर निशाण आले आहे, ते हेच. पुढे दोन्ही शब्द उच्चाराने एकरूप झाले आणि वाद्याचा अर्थ मागे पडला. यास्तव जुन्या बखरीत वा काव्यात निशाण दिसताच ध्वज समजू नये, क्रियापद पाहावे. चढविले, उभारले, फडकले असे असेल तर ध्वज. वाजले, ठोकले, त्यावर घाव घातला असे असेल तर वाद्य. हा विवेक न केल्यास लष्कराच्या कूचाची आज्ञा झाली आहे तेथे वाचक ध्वजारोहण समजून बसेल, आणि प्रसंगाचा क्रमच चुकेल.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दरबारी नौबतीचा आधार तुटला. संस्थानांत ती राहिली, पण तीही विलीनीकरणापर्यंतच. मग ही संस्था संपूर्ण नष्ट झाली काय? तसे दिसत नाही. दरबारातून गेलेली नौबत देवळात टिकली. जेजुरीच्या व आळंदीच्या नगारखान्यांवरून हे स्पष्ट होते. देव हा राजा मानला गेल्याने राजोपचार त्यास लागू झाले, आणि गुरव, घडशी इत्यादी वाजंत्र्यांनी ती सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालविली.

याहूनही बोलके उदाहरण ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे आहे. सोहळ्याचे आजचे स्वरूप हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडविले. ते पूर्वी शिंद्यांच्या पदरी होते. अंकलीच्या शितोळे सरदारांचे साह्य त्यांस लाभले. सोहळ्याच्या अग्रभागी चौघड्याची गाडी चालते, मुक्काम हलविण्याची सूचना कर्ण्याने होते, आणि त्या नादासरशी हजारोंचा समुदाय मार्गस्थ होतो. ही शिस्त लष्करी छावणीचीच आहे. फरक इतकाच की येथे ती कोणा एका धन्याची राहिली नाही, समुदायाची झाली. राजचिन्ह म्हणून जी नौबत बंद पडली ती लोकांचे वाद्य म्हणून जिवंत राहिली.

शेवटी संग्राहकांस एक विनंती. नगारखान्याचे कागद म्हणजे बहुधा रोजकीर्दीतील एखादी ओळ, तैनातीतील एखादे नाव, कातडे, दोरी किंवा तेल यांच्या खर्चाचा एखादा क्षुल्लक आकडा. सनदा व पत्रे शोधणाऱ्यास ती पाने टाकाऊ वाटतात, आणि रुमाल चाळताना तीच प्रथम वेगळी पडतात. परंतु कोणास नौबतीचा मान मिळाला हे सनद सांगेल. ती प्रत्यक्ष कोणी वाजविली, त्यास काय मिळाले, दिवसातून किती वेळा ती झडे, हे त्या खर्चाच्या पानावाचून अन्यत्र कोठे मिळावयाचे नाही. वाजविणाऱ्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. त्यांचे नाव कारकुनाच्या लेखणीतून उतरले असेल तेवढेच. तेव्हा अशी पाने रुमालातून अलग करू नयेत. केलीच तर कोणत्या रुमालातील, कोणत्या सालची, याची नोंद त्यांवर अवश्य करावी. एवढे घडले तरी पुढील अभ्यासकास नौबतीचा इतिहास केवळ तिच्या धन्यांवरून लिहावा लागणार नाही. तो तिच्या सेवकांवरूनही लिहिता येईल.