रुबायाचे कोलटान आणि कागदी सोवळे

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्वेस, उत्तर किवू प्रांतातील मासीसी मुलखात, रुबाया नावाचे जे गाव आहे, त्याच्या भोवतालच्या डोंगरांतून निघणाऱ्या कोलटान या काळसर खनिजावर जगातील टँटलम धातूची सुमारे १५ टक्के गरज भागते. अत्यल्प जागेत विद्युत्भार साठवून ठेवण्याचा गुण या धातूच्या अंगी असल्यामुळे मोबाइल आणि संगणक यांतील कपॅसिटरांसाठी त्याला जगभर मागणी आहे.

या डोंगरांत यंत्र म्हणून जवळजवळ नाहीच. पहारी आणि फावडी घेऊन माणसे उतार कोरीत जातात. सुटलेली माती पाटाच्या पाण्यात धुतली म्हणजे हलका गाळ वाहून जातो व जड खनिज तळाशी राहते. ते पोत्यात भरायचे आणि पाठीवर घेऊन डोंगर उतरायचा. पावसाळ्यात हाच कोरलेला उतार खचतो आणि आतली माणसे गाडली जातात. पोत्याला मात्र क्रमांक घातलेली प्लास्टिकची पट्टी बांधण्याची व्यवस्था झाली, आणि हा माल कोणत्याही सशस्त्र टोळीच्या अमलाखालचा नव्हे, असा तिचा अर्थ ठरला. पट्ट्याच चोरून विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा या सोवळ्याची किंमत काय राहिली, हे सांगावयास नको.

या व्यवस्थेला जोर आला तो २०१० साली, जेव्हा अमेरिकेने डॉड-फ्रँक कायद्यान्वये कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने यांचा उगम जाहीर करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरात काँगोचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ काबिला यांनी पूर्वेकडील तीन प्रांतांत खाणकामच बंद करण्याचा हुकूम काढला, पुढील मार्चात तो उठला तरी पुष्कळ गिऱ्हाइके परत आली नाहीत, आणि ज्यांच्या कल्याणासाठी हा सारा खटाटोप, त्या खणणाऱ्यांचीच चूल विझली. बरेचजण सोन्याकडे वळले. सोने खिशातून सरहद्दीपार नेता येते आणि त्याला पट्टी बांधता येत नाही.

पूर्व काँगोतील युद्ध केवळ खनिजांमुळे पेटले, असे म्हणणे मात्र उथळपणाचे होईल. जमिनीचे जुने तंटे आणि १९९४ च्या रुआंडातील नरसंहारानंतर सरहद्द ओलांडून आलेले लोंढे त्याच्या मुळाशी आहेत. खनिजाने त्या युद्धाला खजिना पुरविला. २०२४ साली एम-२३ या बंडखोर संघटनेने रुबाया घेतल्यावर तिने रीतसर परवाने देऊन जकात बसविली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे ही वसुली त्या वर्षी महिन्याला सुमारे आठ लक्ष डॉलरची होती, आणि माल रुआंडात जाऊन तेथील मालात मिसळत होता. मासीसीची रयत याच काळात गोमा शहराभोवतालच्या छावण्यांत येऊन पडली, आणि तिकडे बुकावू शहरातील पांझी रुग्णालयात, जे डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ साली काढले व ज्यांच्या सेवेस २०१८ चे शांततेचे नोबेल मिळाले, अत्याचारग्रस्त स्त्रियांवर उपचार चालूच राहिले.

डिसेंबर २०२४ मध्ये, युद्धाला पोसणारी ही खनिजे वापरल्याच्या आरोपावरून, काँगो सरकारने फ्रान्स व बेल्जियम येथे ॲपलच्या उपकंपन्यांविरुद्ध फौजदारी तक्रारी गुदरल्या. ॲपलने आरोप नाकारले आणि काँगो व रुआंडा येथील ही खनिजे घेऊ नयेत, अशी ताकीद पुरवठादारांना दिल्याचा खुलासा केला. तो शब्दशः खरा मानला, तरी काबिलांच्या हुकमाने जे झाले तेच आता एका कंपनीच्या पत्राने व्हावयाचे. रुबायाच्या खणणाऱ्याने पोटासाठी कोठे जावे, याविषयी ते पत्र काहीच सांगत नाही.