ग्रंथांचे वक्फ

रमजान हा कुरआनच्या अवतरणाचा महिना. हिरा गुहेत पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर उतरलेला पहिला शब्दच ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’ असा होता. या शब्दाचे मोल जाणणारे एक ग्रंथालय मोरोक्कोतील फेझ शहरात आहे. अल-करवियीन मशीद व विद्यापीठाचे हे ग्रंथालय त्या देशातील सर्वांत जुने विद्यापीठीय ग्रंथालय मानले जाते.

चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न अबी झर याने या मशिदीची कथा नोंदवली आहे. ट्युनिशियातील कैरवान शहरातून फेझला आलेल्या फातिमा अल-फिहरी यांना वारशाने संपत्ती मिळाली. ती त्यांनी मशिदीसाठी खर्च केली. हिजरी २४५ च्या, म्हणजे इसवी सन ८५९ च्या रमजानमध्ये बांधकाम सुरू झाले आणि ते पूर्ण होईपर्यंत फातिमांनी रोजे ठेवले, असे तो सांगतो. पुढे मशिदीच्या खांबांभोवती अभ्यासाची वर्तुळे बसू लागली आणि विद्यापीठ आकाराला आले.

अभ्यास आला की ग्रंथ आलेच. मरिनी घराण्याचा सुलतान अबू इनान याने १३४९ मध्ये येथे ग्रंथालय उभारले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सादी सुलतान अहमद अल-मन्सूर याने त्यात भर घातली. आज येथे सुमारे चार हजार हस्तलिखिते आहेत. नवव्या शतकातील कूफी लिपीतला कुरआन त्यांतच आहे.

यातील बरेच ग्रंथ वक्फ म्हणून आले. वक्फ म्हटले की आपल्याकडे जमिनी, दुकाने आणि कोर्टातले दावे आठवतात. पण वक्फ पुस्तकाचेही होते. एकदा वक्फ केलेले पुस्तक विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. ते वाचणाऱ्यांसाठी राहते.

याचे सुंदर उदाहरण म्हणजे थोर इतिहासकार इब्न खल्दून. त्यांनी १३९६ मध्ये कैरोहून आपल्या ‘किताब अल-इबर’ या इतिहासग्रंथाची प्रत येथे वक्फ म्हणून पाठवली. सोबत अटी घातल्या : ग्रंथ फक्त विश्वासू माणसालाच द्यावा, त्याच्याकडून अनामत घ्यावी आणि दोन महिन्यांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. वाचायला किंवा नक्कल उतरवून घ्यायला तेवढा वेळ पुरेसा होता. ग्रंथ जपला जावा आणि फिरताही राहावा, ही दोन्ही काळजी त्या अटींत दिसते.

दुर्मीळ ग्रंथांच्या खोलीच्या जुन्या लोखंडी दाराला चार कुलपे होती. चार किल्ल्या चौघांकडे असत. चौघे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नसे. कारण ही ठेव एकट्या कुणाची नव्हती. तरीही काळाने इमारत थकली, ओल शिरली. २०१२ मध्ये मोरोक्को सरकारने तिच्या दुरुस्तीचे काम फेझच्याच वास्तुविशारद अझीझा शावनी यांच्याकडे सोपवले. जमिनीखालून ओल बाहेर काढणारी व्यवस्था झाली, हस्तलिखितांच्या खोलीत हवेचे तापमान व आर्द्रता राखण्याची सोय झाली. एका स्त्रीच्या नावाशी जोडलेल्या वास्तूतील ग्रंथ वाचवण्याचे काम अकरा शतकांनंतर दुसऱ्या स्त्रीच्या हातून झाले.

इस्लाममध्ये ‘सदका-ए-जारिया’ ही कल्पना आहे. देणारा गेल्यानंतरही ज्याचा लोकांना उपयोग होत राहतो, असे दान. विहीर, झाड, मुसाफिरखाना आणि ज्ञानही त्यात येते. इब्न खल्दून जाऊन सहाशे वर्षे उलटली. त्यांचे दान आजही त्या कपाटात आहे.

रमजानमध्ये आपला हात सैल असतो. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत, ती त्यांनाच पोहोचली पाहिजे. इफ्तारची पाकिटे, ईदचे कपडे हेही हवेच. पण त्यापलीकडच्या सदक्यातला थोडा वाटा मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेला, स्पर्धा परीक्षेची पुस्तके न परवडणाऱ्या मुलीला, मदरशातील शब्दकोशाला का मिळू नये? पुस्तक द्यावे, सोबत ते जपण्याची आणि पुढे देण्याची अटही घालावी. इब्न खल्दून यांनी घातली होती तशी.