शेतीशाळेसाठी मोबाइलवरील गट : आरंभ कसा करावा?

शेतीशाळेचा वर्ग शेतात भरतो. उभे पीक हेच तेथील पुस्तक होय. तथापि एका वर्गापासून दुसऱ्या वर्गापर्यंत आठ-पंधरा दिवस जातात, आणि कीड तितके दिवस स्वस्थ बसत नाही. हे मधले दिवस सांधण्यास बुलढाणा जिल्ह्यातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना व्हॉट्सअ‍ॅपवरील गट उपयोगी पडू शकतो. मात्र त्याचा आरंभ विचारपूर्वक व्हावयास हवा.

रेडिओचा धडा

या कामी एक जुना अनुभव मार्गदर्शक आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांसाठी ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोन कार्यक्रम होत. गावकरी एकत्र बसून ते ऐकत, त्यांवर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पुढे पाहणी झाली तेव्हा मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत चांगली भर पडलेली दिसली. जेथे नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते, तेथे फारसा फरक आढळला नाही. यंत्र तेच, पण चर्चेमुळे फळ निराळे मिळाले. मोबाइलची गोष्टही अशीच आहे.

गट स्थापन करताना

पहिल्या वर्गातच गटाचा हेतू समजावून सांगावा व प्रत्येकाची संमती घेऊन मगच त्याचा क्रमांक जोडावा. गटातील क्रमांक इतर सभासदांना दिसू शकतात. म्हणून, विशेषतः महिलांच्या बाबतीत, ही काळजी अवश्य घ्यावी. गटाच्या नावात गाव, पीक व हंगाम यांचा उल्लेख असावा. ॲडमिन दोघे असावेत : एक कृषी कर्मचारी व दुसरा सभासदांनी निवडलेला शेतकरी. गटात सर्वांना लिहिण्याची मुभा ठेवावी. केवळ वरून सूचना येऊ लागल्या की वर्ग मुका होतो. शुभेच्छा, राजकारण व इतरत्रून आलेले निनावी संदेश यांना मज्जाव असावा. ज्यांना लिहिणे अवघड वाटते त्यांनी आपल्या वऱ्हाडी बोलीत आवाजी संदेश पाठवावा.

निरीक्षण कसे कळवावे?

कपाशीचे उदाहरण घेऊ. गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवण्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावतात. सभासदांनी आपापल्या सापळ्यातील पतंग मोजून आकडा रोज गटावर कळवावा. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आढळल्यास नियंत्रणाचे उपाय योजण्याची वेळ आली असे समजावे. एकाच शेतातील आकड्यापेक्षा दहा शेतांचे आकडे शेजारी मांडले, म्हणजे कीड कोणत्या शिवारात वाढत आहे हे सर्वांना दिसते.

छायाचित्र पाठवताना संपूर्ण झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि कीड जवळून अशी चार चित्रे दिवसाच्या उजेडात घ्यावीत. सोबत वाण, पेरणीची तारीख व शेवटच्या फवारणीचा तपशील द्यावा.

तरीही छायाचित्राला मर्यादा आहे. बोंडअळीचे बोंड बाहेरून निरोगी दिसते. अळी आत असते. म्हणून शेतात फिरून निरनिराळ्या झाडांवरील २० हिरवी बोंडे तोडावीत व फोडून पाहावीत. त्यांपैकी २ किडलेली निघाली, तर नुकसान १० टक्के, म्हणजे नियंत्रणाची पातळी गाठली गेली. हे काम कोणताही मोबाइल करू शकत नाही.

औषधाबाबत शिस्त

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधाविषयीचा एकही शब्द हलका मानू नये, हा त्या घटनेचा इशारा आहे. गटावर कोणी औषधांचे मिश्रण सुचविल्यास ॲडमिनने तो संदेश तत्काळ काढून टाकावा व कारण सांगावे. औषधाचे नाव व मात्रा कृषी विद्यापीठाची शिफारस आणि डब्यावरील लेबल पाहूनच द्यावी. शंका राहिल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विचारावे. विषबाधेची लक्षणे दिसताच मात्र गटावर प्रश्न विचारीत बसू नये. औषधाचा डबा वा लेबल बरोबर घेऊन रुग्णास तडक दवाखान्यात न्यावे.

कोणी मागे राहू नये

निंदणी व वेचणी बहुधा स्त्रिया करतात. किडकी बोंडे प्रथम त्यांच्याच हाती लागतात. मोबाइल मात्र पुष्कळदा घरातील पुरुषाच्या खिशात असतो. म्हणून ज्यांच्यापाशी मोबाइल नाही अशांची प्रत्येकी एका सभासदाशी जोडी लावावी आणि गटातील आठवड्याचा सारांश ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावा.

प्रत्येक वर्गाच्या आरंभी गटावर आलेले आकडे मोठ्याने वाचावेत व त्यांवर चर्चा करून पुढील आठवड्याचे काम ठरवावे. हंगाम संपताना ते सर्व आकडे एका वहीत उतरवून ठेवावेत. मोबाइल हरवतो, संदेश पुसले जातात. पण आपल्या शिवारात पतंग कोणत्या आठवड्यात वाढले याची नोंद वहीत असली, तर पुढील वर्षी सापळा वेळेवर लागेल.