मणक्यात गॅप म्हणजे नेमकं काय?

गटाच्या बैठकीत हप्ते मोजून झाले की आमच्याकडे कंबरदुखीचा विषय हमखास निघतो. "मणक्यात गॅप आहे," असं चौघीजणी तरी सांगतात. गॅप म्हणजे हाडाला भेग पडली, या धास्तीने एकीने तर उठणंबसणंच सोडलं होतं.

खरं तर उलटं आहे. पाठीच्या कण्यात ३३ मणके असतात. मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५; त्याखालचे एकमेकांना जुळून गेलेले. वरच्या मणक्यांमध्ये मऊ गाद्या असतात. वयाबरोबर गादीतलं पाणी आटतं, ती चपटी होते आणि मधली जागा कमी होते. केस पिकतात तसंच हे. काहीही दुखत नसलेल्यांच्या फोटोतही ते दिसतं.

कधी गादीचा गर बाहेर येऊन नस दाबतो. मग कळ ढुंगणापासून पोटरीपर्यंत उतरते, तिला सायटिका म्हणतात. ओल्या मासळीची पाटी वाकून, त्याच झटक्यात अंग पिळून उचलली, की कमरेच्या शेवटच्या गाद्यांवर सगळा जोर येतो. पाटी दोघींनी उचलावी, गुडघ्यात वाकावं. बहुतेक दुखणी सहाएक आठवड्यांत बसतात. दोन दिवसांहून जास्त झोपून राहू नये, सोसेल तेवढं चालावं. आणि पाठीवर पाय देऊन मणका 'बसवणाऱ्या'कडे तर जाऊच नका.

आता जे बोलायला आम्हीही लाजलो, ते सांगतो. आमच्या गटातल्या एका मावशींना कंबरदुखीबरोबर लघवी झालेली कळेना, मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली. लाजेपायी त्यांनी आठवडाभर सुनेलाही सांगितलं नाही. ऑपरेशन झालं, चालता येतं, पण लघवीचा ताबा पूर्ण आला नाही. ही खूण दिसली, किंवा पायातली ताकद गेली, की त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. तिथे तास मोजले जातात.

दुखण्यासोबत संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं असेल तर मणक्याचा क्षयही असू शकतो. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वर्षभर किंवा जास्त घ्यावी लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, साध्या पडण्यानेही मणका दबतो. पाठ वाकली, उंची घटली, तर "म्हातारपण" म्हणून सोडून न देता दाखवा.

माडावरून किंवा होडीत कुणी पडलं, तर हातपाय धरून उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. मान न हलवता डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा. हलवावंच लागलं तर चारपाच जणांनी अंग एकदम, ओंडक्यासारखं सरळ वळवून फळीवर घ्यायचं. पाय गेलेल्यालाही पुढे शिकण्यासारखं बरंच असतं. हाजीअलीला १९५५ सालापासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था त्यासाठीच आहे.

आणि १०८ ला फोन कराल तेव्हा मनोरी म्हणजे भाईंदर-उत्तनकडून रस्त्याने यायचं, हे आधी सांगा. नाहीतर गाडी मार्व्याच्या धक्क्यावर येऊन थांबेल, नि मध्ये खाडी.